मुलाखतीत ‘मी सावकाश काम करते’ असे सांगावे का?

वाचकाचा प्रश्न : गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका वाचक भगिनीने नाव न छापण्याच्या विनंतीसह पत्र पाठवले आहे. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून गेली पाच वर्षे म्हापशातील एका घाऊक विक्रेत्याकडे हिशेबाचे काम पाहतात. तिथे पगार वाढण्याची शक्यता दिसत नसल्याने त्यांनी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांत अर्ज केले. पहिल्या मुलाखतीत ‘तुमच्या कामाची पद्धत कशी आहे?’, ‘एकाच वेळी चार कामे आली तर काय करता?’ आणि ‘कामाची कार्यक्षमता वाढावी म्हणून तुम्ही काय केले?’ असे प्रश्न आले. त्यांनी यूट्यूबवर पाहून पाठ केलेली उत्तरे दिली. पण ‘एखादे उदाहरण सांगा’ असे म्हणताच त्या गडबडल्या. दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी ठरवून खरे सांगितले, की मी सावकाश पण नीट काम करते आणि एका वेळी एकच काम हातात घेते. त्यानंतर मुलाखत लगेच आटोपली. आता वेर्ण्यातल्याच आणखी एका कंपनीचे बोलावणे आले आहे, शिवाय कळंगुटच्या एका हॉटेलात ओळखीने हिशेब विभागात जागा मिळू शकते. त्या विचारतात, की सरळ खोटे बोलावे, स्वभाव बदलावा की आहे तिथेच राहावे? पत्रात त्या एके ठिकाणी लिहितात, “पुरवठादारांना मी अकरा तारखेच्या आधीपासून फोन करत बसते. नंतर चौदा ते वीस तारखेपर्यंत छापील कागदावर पट्टी ठेवून एकेक बिल पडताळते. त्यामुळे बाकीची कामे मागे पडतात आणि मालक म्हणतात, तुझा हात फार जड आहे.”

सल्ला :

प्रिय भगिनी,

तुम्ही मांडलेले तीनही पर्याय एकाच समजुतीवर उभे आहेत. नोकरी देणाऱ्याला झटपट काम उरकणारी माणसे हवी असतात, आपण तशा नाही, तेव्हा हे एक तर झाकायचे किंवा कबूल करायचे, असे तुम्ही धरून चालला आहात. पहिल्या मुलाखतीत तुम्ही ते झाकलेत आणि दुसरीत कबूल केलेत. माझ्या मते दोन्ही वेळा समोरच्या माणसाला तुम्ही काम कसे करता हे कळलेच नाही. पत्रात मात्र तुम्ही ते दोनतीन वाक्यांत स्वच्छ सांगितले आहे, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

ती वाक्ये जरा जवळून पाहू. हिशेबाच्या कामात नसलेल्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगते. व्यापाऱ्याने माल घेताना भरलेला जीएसटी त्याला स्वतःच्या देय करातून वजा करून मिळतो. मात्र १ जानेवारी २०२२ पासून त्यासाठी पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखवलेले असणे आवश्यक झाले आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराला जीएसटीआर-१ हे आपल्या विक्रीचे विवरण भरण्यासाठी पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत मुदत असते, १४ तारखेला पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून खरेदीदाराच्या नावे जीएसटीआर-२बी (थोडक्यात २बी) हे विवरण तयार होते, आणि दरमहा रिटर्न भरणाऱ्या खरेदीदाराला २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे महिन्याचे गोषवारा विवरण भरून कर चुकता करावा लागतो. पुरवठादार एखादे बिल चढवायला विसरला किंवा त्याने खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक चुकवला, तर ते बिल २बीमध्ये उमटत नाही आणि त्यावरच्या कराची रक्कम व्यापाऱ्याला त्या महिन्यात खिशातून भरावी लागते. ही गोष्ट १४ तारखेनंतर ध्यानात आली तर त्या महिन्यापुरते फारसे काही करता येत नाही. तुम्ही फोन करता ते ११ तारखेच्या आधी.

मालकांना तुमचा फोनवर गेलेला वेळ दिसतो. त्या फोनमुळे जी रक्कम खिशातून जायची वाचली, ती मात्र त्यांना दिसत नाही, कारण ती कोणत्याच खात्यात नोंदली जात नाही. म्हणून त्यांनी तुमच्या कामाला जड हात म्हटले, आणि तुम्ही तो शेरा आपला स्वभाव म्हणून उचलून थेट मुलाखतीत नेऊन ठेवला. ‘मी सावकाश काम करते’ हे तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलेत यात शंका नाही. पण ते तुमच्या कामाचे वर्णन नव्हते. दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष तुम्ही पुढे केलात, आणि समोरच्याने तो जसाच्या तसा मान्य केला.

असे प्रश्न विचारले का जातात, हेही समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन फ्लॅनागन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तिथल्या लष्कराच्या हवाई विभागासाठी काम करत होते. १९४१ मध्ये वैमानिक प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या एक हजार उमेदवारांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांना काढण्याची कारणे म्हणून ‘उड्डाणाचे उपजत अंग नाही’, ‘निर्णयशक्ती कमी’, ‘पुरेशी प्रगती नाही’ अशी ठोकळेबाज वाक्येच मोठ्या प्रमाणावर सापडली. त्यांवरून कोणत्या प्रसंगी त्या उमेदवाराने काय केले, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे फ्लॅनागन यांनी विशेषणे बाजूला ठेवून प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करण्याची पद्धत बसवली आणि १९५४ मध्ये ती सविस्तर मांडली. आज मुलाखतीत ‘एखादा प्रसंग सांगा’ असे जे विचारले जाते, त्याची मुळे या विचारात आहेत. पूर्वी माणूस कसा वागला यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधायचा, आणि सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून तुलना करायची, असा त्यामागचा हेतू असतो.

त्यामुळे पाठ केलेले उत्तर पडते ते खोटे असते म्हणून नव्हे. मुलाखतीच्या टेबलापलीकडे मी पुष्कळदा बसले आहे आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहावे लागते हे मला ठाऊक आहे. ‘मी मेहनती आहे, दबावाखाली चांगले काम करते, मल्टिटास्किंग जमते’ हे ऐकल्यावर लिहायला हाती काहीच लागत नाही, कारण आधीच्या उमेदवारानेही तेच सांगितलेले असते. तुम्ही दुसऱ्या मुलाखतीत केलेत तेही याच जातीचे होते. चांगल्या विशेषणाच्या जागी तुम्ही वाईट विशेषण ठेवलेत, एवढाच फरक.

तुमच्या जागी मी असते तर ‘कामाची पद्धत कशी आहे?’ या प्रश्नाला साधारण असे उत्तर दिले असते : “मी महिन्याचे काम तारखांवरून आखते. आमच्याकडे खरेदीची बिले पुष्कळ पुरवठादारांकडून येतात आणि त्यांतले काही जण रिटर्न भरायला नेहमी उशीर करतात. त्यांची यादी मी वेगळी ठेवली आहे. दर महिन्याच्या ११ तारखेच्या आधी मी त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करून आमची बिले चढवली का ते विचारते, म्हणजे १४ तारखेला २बी उतरवल्यावर तफावत थोडी राहते. जी राहते तिच्यासाठी २० तारखेपर्यंत वेळ हाताशी असतो.” हे सांगायला मिनिटभर पुरेल. यात ‘मी व्यवस्थित आहे’ किंवा ‘मी जबाबदार आहे’ असे एकही वाक्य नाही, तरी ऐकणाऱ्याला दोन्ही कळते. ऐकणारा हिशेबातला असेल तर तो पुढचा प्रश्न त्या यादीविषयी विचारील, आणि मग तुम्ही तुमच्या ओळखीच्या मुलखात असाल.

आता ‘एकाच वेळी चार कामे’ या प्रश्नाकडे वळू. इथे तुमच्या मनात अपराधी भाव आहे, तो काढून टाका. जोशुआ रुबिनस्टाइन, डेव्हिड मायर आणि जेफ्री इव्हान्स या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आले, की माणूस एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा दर वेळी काही वेळ वाया जातो, आणि कामाचे नियम जितके गुंतागुंतीचे तितका तो वाया जाणारा वेळ वाढतो. बँकेचा ताळमेळ जुळवताना मध्येच उठून पावती फाडावी लागली, की परत आल्यावर कुठल्या नोंदीवर होतो ते शोधावे लागते, हे तुम्हाला प्रयोगशाळेविनाही माहीत आहे. तरीही ‘मी एका वेळी एकच काम करते’ एवढ्यावर थांबलात तर प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहते, कारण विचारणाऱ्याला दोन हातांनी चार कामे होतात का हे जाणून घ्यायचे नसते. मालक थकबाकीची यादी मागतात, बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचे विवरण, हवे असते, सीएंच्या कार्यालयातून फोन येतो आणि दारात माल घेऊन टेम्पो उभा असतो, अशा वेळी आधी काय उचलायचे हे तुम्ही कसे ठरवता, आणि ज्याचे काम मागे ठेवले त्याला ते कळवता का, हे त्याला हवे असते. टेम्पो थांबवून ठेवला तर दुसऱ्याचा खोळंबा होतो म्हणून तो आधी. स्टॉक स्टेटमेंटची तारीख आज संपते म्हणून ते त्यानंतर. सीएंना दुपारी चारपर्यंत देते असे लगेच सांगितले. मालकांना विचारले, की यादी आज हवी की उद्या सकाळी चालेल. असे क्रमाने सांगा. शेवटची दोन वाक्ये विसरू नका. हाताखालचा माणूस काम मागे ठेवतो यापेक्षा तो कळवत नाही याचा वरिष्ठांना जास्त त्रास होतो.

इथवर मी तुमची बाजू घेतली. आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. त्या पट्टीविषयी.

२बी छापून घ्यायचे, त्यावर पट्टी ठेवायची, खरेदीच्या नोंदवहीशी एकेक ओळ ताडून पाहायची आणि जुळली की पेनाने खूण करायची, ही पद्धत तुमच्या आजच्या दुकानात चालते. मोठ्या कंपनीत बिलांची संख्या इतकी असते, की ती चालणार नाही. आधी फोन करणे हा तुमचा विचारपूर्वक बसवलेला क्रम आहे. पट्टी ही केवळ सवय आहे, आणि ‘मी नीट काम करते’ या एकाच वाक्यात तुम्ही दोन्ही गोष्टी कोंबल्या आहेत. त्या वेगळ्या करा. २बी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक जोडून एक रकाना करायचा, तसाच रकाना खरेदीच्या यादीत करायचा आणि एक्सेलमधल्या व्हीलूकअप या सूत्राने जुळणी करायची, हे शिकायला एखादा रविवार पुरतो. पुरवठादाराने बिल क्रमांकात शून्य किंवा आडवी रेघ वेगळ्या जागी टाकली असेल तर ती ओळ जुळणार नाही. अशा उरलेल्या ओळींवर तुमची पट्टी जरूर फिरू द्या, कारण तिथे खरोखर डोळ्यांचे काम असते. पुढच्या मुलाखतीच्या आधी निदान एका महिन्याची जुळणी या पद्धतीने करून पाहा आणि जुन्या आणि नव्या पद्धतीने किती वेळ गेला ते घड्याळ लावून लिहून ठेवा. मग ‘कार्यक्षमता वाढावी म्हणून काय केले?’ या प्रश्नाला तुमच्याकडे स्वतःचे आणि खरे उत्तर असेल.

आकड्यांबद्दल एवढेच, की जो आकडा तुम्ही स्वतः मोजलेला नाही तो सांगू नका. ‘माझ्यामुळे वेळेत चाळीस टक्के बचत झाली’ अशी वाक्ये हल्ली सर्रास ऐकू येतात. ‘ते कसे मोजले?’ एवढे विचारले की उमेदवार गप्प होतो, आणि त्यानंतरचे खरे उत्तरही संशयाने ऐकले जाते. मोजमाप नसेल तर आधी काय व्हायचे आणि आता काय होते हे साध्या शब्दांत सांगणे पुरेसे आहे.

‘तुमची उणीव कोणती?’ हा प्रश्न आला तर परिपूर्णतेचा हव्यास हे घासून गुळगुळीत झालेले उत्तर देऊ नका. मोठ्या संख्येची जुळणी हाताने करण्याची सवय होती, ती सोडून एक्सेलवर करायला लागले आहे, हे उत्तर देता येईल, अर्थात तोवर तुम्ही खरेच सुरुवात केलेली असेल तर. एकट्याने काम आवडते की चारचौघांत, याला फार महत्त्व देऊ नका. जुळणीच्या वेळी एकांत लागतो आणि फोनच्या वेळी माणसे लागतात, असे सरळ सांगून टाका.

मुलाखतीच्या भाषेचा मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरता लिहिला आहे, पण मला तो मोठा वाटतो. गोव्यात आपल्यातले पुष्कळ जण चौथीपर्यंत मराठीत शिकले, पाचवीपासून इंग्रजीत गेले, घरी कोंकणी किंवा मराठी बोलतात आणि मुलाखत मात्र इंग्रजीत देतात. काम ज्या भाषेत केले तिच्यातून ते दुसरीत नेताना तपशील गळतात आणि विशेषणे उरतात, कारण ती आयती मिळतात. म्हणून तयारी करताना आधी प्रसंग मराठीत लिहा, अगदी घरच्या माणसाला सांगितल्यासारखा. मग तो इंग्रजीत लहान वाक्यांत सांगून पाहा, आणि शब्दशः पाठ करू नका. हिशेब न समजणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला तो ऐकवा. तिला कळला तर मुलाखत घेणाऱ्याला कळेल. समोरची व्यक्ती मध्येच कोंकणीत आली तर तुम्हीही कोंकणीत उत्तर द्या. आपली परीक्षा चालली आहे या भीतीने इंग्रजीलाच धरून बसणारे उमेदवार मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचे चांगले सांगणे अडून राहते.

आता कुठे जावे याविषयी. कळंगुटच्या हॉटेलातली जागा हिशेब विभागातली आहे असे तुम्ही म्हणता, पण हिशेबातले नेमके कोणते काम, ते विचारून घ्या. रोजच्या विक्रीची दुसऱ्या दिवशी पडताळणी करायची असेल तर ते तुमच्या हातचे आहे. पाहुण्यांच्या समोर बिले करून पैसे घेण्याचे काम असेल, तर ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामात तिथे दर दोन मिनिटांनी लक्ष तुटते आणि तुमचा सगळ्यात चांगला गुण वापरायला वावच राहत नाही. अशा जागेसाठी स्वभाव बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. वेर्ण्यात औषध कंपन्या बऱ्याच आहेत, आणि औषधनिर्मितीच्या नोंदींचा एक नियम तुम्हाला आवडेल : नोंद काम होत असतानाच करायची, चूक झाली तर ती खोडून वा पांढऱ्या शाईने झाकून टाकायची नाही, जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी नवा आकडा, सही आणि तारीख घालायची. हिशेब विभागाला हाच नियम जसाच्या तसा लागू नसला तरी ज्या आवारात लोक रोज असे काम करतात, तिथे काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाला जड हाताचे म्हणण्याची शक्यता कमी. आहे तिथेच राहण्याचा पर्याय मी शेवटी ठेवते. पाच वर्षांत पगार हलला नसेल तर तो आपोआप हलणार नाही. निघण्याआधी एकदा मालकांना त्या फोनांमुळे किती रकमेची बिले वेळेत आली हे मात्र कागदावर दाखवा. ते काय म्हणतात यावरून तुम्हाला बरेच समजेल.

हेच पत्र इतर क्षेत्रांतल्या वाचकांनीही लिहिले असते, हे मला माहीत आहे. रुग्णालयातली परिचारिका असो, गोदाम सांभाळणारा असो वा शाळेच्या कार्यालयातला कारकून असो, सगळे म्हणतात, आमच्या कामात सांगण्यासारखे काही घडतच नाही. त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : गणेश चवथीला मी रजेवर जातो तेव्हा कोणते काम अडते आणि कोण मला फोन करते? जे अडते ते तुमच्याशिवाय होत नाही, आणि ते तुम्ही कसे करता हे क्रमाने सांगणे हेच कामाच्या पद्धतीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पुढच्या मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटले जाईल. तेव्हा नाही म्हणू नका. महिनाअखेरीचे हिशेब किती तारखेपर्यंत बंद करावे लागतात, जुळणी कशावर करतात आणि या जागेवर आधी असलेल्या व्यक्तीचा सर्वाधिक वेळ कशात जायचा, एवढे तीन प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘इतरांच्या चुका निस्तरण्यात’ असे उत्तर मिळाले, तर त्या चुका कुठून येतात आणि त्या मुळाशी थांबवण्याची मुभा तुम्हाला असेल का, हेही विचारून घ्या. ती मुभा नसेल तर पगार कितीही चांगला असला तरी होकार देण्याआधी दोन दिवसांची मुदत मागून घ्या.